त्यांनी तबकड्या फोडल्या, आपण कॅसेटी भंगारात दिल्या

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे कार्यकर्ते मोहर्लीला गेलो होतो. ताडोबाचं गेट, जिप्सींची रांग, पर्यटकांची गर्दी. आमचा एक मित्र तिथं गाईड आहे. त्याच्या जिप्सीत त्या दिवशी मुंबईचा एक पाहुणा होता. सफारी संपल्यावर चहाच्या टपरीवर गप्पा निघाल्या तेव्हा त्याने मोबाइलवर आपल्या घराचा फोटो दाखवला. भिंतभर रेकॉर्ड होत्या. डिस्को, फंक, इलेक्ट्रो, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकेतल्या नाचाच्या गाण्यांच्या तबकड्या. काही रेकॉर्डसाठी त्याने आमच्या मित्राच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त पैसे मोजले होते. मग त्याने सहज विचारलं, "इकडे कुणाच्या घरी जुन्या रेकॉर्ड, कॅसेटी असतील का?"

संध्याकाळी मित्राच्या घरी जेवताना आम्ही तोच प्रश्न त्याच्या आईला विचारला. मावशी म्हणाल्या, "होत्या नं बाबू. ह्याच्या बाबांची पेटी भरून होत्या. भीमगीतं, कव्वाल्या, सारं होतं. मागच्या दिवाळीत भंगारवाल्याला देऊन टाकल्या. पेटीचेच पैसे भेटले, कॅसेटीचे त्यानं धरलेच नाही."

त्या पेटीत कोणाचे आवाज होते, कोणत्या गावच्या कव्वालाचे कार्यक्रम भरलेले होते, याची यादी आता कुणाकडेच नाही. मावशींना दोष द्यायचा नाही. आमच्यापैकी दोघांच्या घरी हेच झालं आहे. पण मुंबईच्या भिंतीवरची रेकॉर्ड आणि मोहर्लीच्या भंगारातली कॅसेट या दोन्हींत खालच्या मानल्या गेलेल्या माणसांनी निर्माण केलेला आवाज होता. मग एकीला हजारो रुपये आणि दुसरीला शून्य, हे कसं झालं? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास आंबेडकरी तरुणांनी समजून घेतला पाहिजे असं आम्हाला वाटतं.

डिस्को कोणाचं होतं?

आपल्याकडे डिस्को म्हटलं की चकाकणारे कपडे आणि श्रीमंतांचे क्लब आठवतात. हे चित्र सिनेमाने दिलं. डिस्कोचा जन्म मात्र न्यूयॉर्कमधल्या अशा माणसांत झाला, ज्यांना चांगल्या क्लबच्या दारात उभं केलं जात नव्हतं. कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकन स्थलांतरित आणि समलिंगी लोक. १९७० साली डेव्हिड मॅनक्युसो याने आपल्या राहत्या जागेतच नाचाच्या पार्ट्या सुरू केल्या. त्या जागेला 'द लॉफ्ट' म्हणत. तिथं पैशाचा, रंगाचा दर्जा पाहिला जात नव्हता. १९७७ साली सुरू झालेल्या 'पॅराडाइज गॅरेज'मध्ये लॅरी लेव्हन हा कृष्णवर्णीय डीजे रात्रभर रेकॉर्ड वाजवत असे. दिवसभर अपमान गिळणारी माणसं तिथं रात्री मान वर करून नाचत.

डिस्कोच्या आधीचं फंकही असंच. जेम्स ब्राऊनने १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर काही महिन्यांतच, काळे असण्याचा अभिमान मोठ्याने सांगणारं गाणं रेकॉर्ड केलं. ज्या शब्दाची लाज वाटावी म्हणून शतकानुशतकं व्यवस्था राबली, तोच शब्द त्याने नाचाच्या ठेक्यावर छाती पुढे काढून म्हटला. 'जयभीम' म्हणणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

यात तंत्राचाही भाग आहे. साध्या सिंगल रेकॉर्डवर तीन-चार मिनिटांचं गाणं मावत असे. नाचणाऱ्यांना ते पुरत नव्हतं. म्हणून बारा इंची रेकॉर्डवर एकच गाणं लांबवून, खोल खाचांत, जास्त जोरदार ठेक्यासह छापलं जाऊ लागलं. १९७६ साली 'साल्सोल' कंपनीने अशी रेकॉर्ड पहिल्यांदा दुकानात विकायला आणली. म्हणजे नाचणाऱ्या माणसांच्या गरजेने रेकॉर्डचा आकारच बदलला. आज संग्राहक ज्या बारा इंची तबकड्यांसाठी जीव टाकतात त्या अशा जन्मल्या.

१२ जुलै १९७९

मग हे संगीत पांढरपेशा अमेरिकेच्या रेडिओवर आलं आणि विरोध सुरू झाला. शिकागोतल्या स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाची नोकरी, त्याचं स्टेशन डिस्कोकडे वळल्यामुळे गेली होती. त्याने डिस्कोविरुद्ध मोहीम उघडली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलचे दोन सामने होते. जाहिरात अशी केली की डिस्कोची एक रेकॉर्ड फोडायला घेऊन या आणि अवघ्या ९८ सेंटमध्ये आत जा. सुमारे पन्नास हजार लोक आले. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत मैदानाच्या मधोमध रेकॉर्डनी भरलेलं खोकं स्फोटकांनी उडवलं. त्यानंतर हजारो तरुण मैदानात घुसले, जाळपोळ झाली, पोलिसांना यावं लागलं आणि दुसरा सामना होऊच शकला नाही.

त्या दिवशी त्या मैदानावर व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करत होता. लोकांनी आणलेल्या कितीतरी रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्याच, त्या नुसत्याच कृष्णवर्णीय कलावंतांच्या होत्या, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे राग फक्त ठेक्यावर नव्हता, ठेका धरणाऱ्या हातांवरही होता. आयोजक आजही म्हणतात की ती नुसती गंमत होती. गंमत कोणाची आणि मोडतोड कोणाच्या वस्तूची, एवढं पाहिलं की पुरे.

त्याच्या आदल्याच वर्षी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. आम्ही या दोन घटनांची बरोबरी करत नाही. तिथं तबकड्या जळाल्या, इथं घरं आणि माणसं जळाली. पण दोन्हीकडे संताप एकाच गोष्टीचा होता. ज्यांचं नाव आणि आवाज मागच्या दाराबाहेर असायला हवा होता, तो समोरच्या दारातून आत येत होता.

फोडणारे विसरले, जमवणारे कमावून गेले

डिस्को मेलं नाही. त्याच शिकागोत 'वेअरहाऊस' क्लबात फ्रँकी नकल्स डिस्कोच्या रेकॉर्ड नव्या यंत्रांच्या ठेक्यांशी जोडत राहिला आणि त्यातून हाऊस संगीत जन्मलं. मैदानावरचा तो व्हिन्स लॉरेन्सच पुढे १९८४ च्या 'ऑन अँड ऑन' या पहिल्या हाऊस रेकॉर्डपैकी एकीचा सहलेखक झाला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधून १९८२ साली आफ्रिका बंबाटाची 'प्लॅनेट रॉक' आली आणि इलेक्ट्रोचं युग सुरू झालं. आज जगभर जे नाचाचं संगीत वाजतं, त्याचं मूळ या वस्त्यांत आहे.

आणि मग आले संग्राहक. यातल्या अनेकांनी मोठं काम केलं हे मान्य केलं पाहिजे. कंपन्यांनी टाकून दिलेल्या तबकड्या त्यांनी गोदामांतून, जुन्या बाजारांतून शोधल्या, प्रत्येकीचा क्रमांक, साल, वादक नोंदवले. ते नसते तर हा इतिहास कचऱ्यात गेला असता. पण या छंदाची दुसरी बाजूही आहे. सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या उत्तर भागातल्या क्लबांत जुन्या अमेरिकन सोल संगीताच्या दुर्मीळ रेकॉर्ड वाजत. हातात चांगली रेकॉर्ड लागली की डीजे तिच्या लेबलवर कागद चिकटवत आणि गायकाचं खोटं नाव सांगत, म्हणजे दुसऱ्याला ती शोधता येऊ नये. गाण्यावर लोक नाचत होते, आणि गाणाऱ्याचं नाव कागदाखाली झाकलेलं होतं. फ्रँक विल्सनने १९६५ साली मोटाऊन कंपनीसाठी गायलेल्या एका रेकॉर्डच्या जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट झाल्या. वाचलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ साली २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. असा व्यवहार जुनी रेकॉर्ड विकणारा आणि घेणारा यांच्यात होतो. गाणाऱ्याचा त्यात वाटा नसतो.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. दबलेल्यांच्या संगीताला आधी गोंगाट म्हणतात, मग ते मोडतात, आणि निर्माते थकले किंवा मेले की त्याच संगीताला दुर्मीळ ठेवा म्हणून दुसरेच जमवतात. या तिसऱ्या टप्प्याआधी आपण आपलं जमवलं नाही, तर आपलं गाणं उरलं तरी त्यावरचं आपलं नाव उरणार नाही.

१९८२: आपल्या दाराशी

हे अमेरिकेपुरतं आहे असं समजू नका. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच साली 'डिस्को डान्सर' सिनेमा आला आणि लग्नाच्या बँडपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे डिस्को पोचलं. आणि त्याच साली मुंबईत चरणजित सिंग या सिनेमातल्या वादकाने तीन जपानी यंत्रांवर दहा रागांना डिस्कोचा ठेका देऊन एक एलपी केली. एचएमव्हीने ती काढली, पण तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० साली एका डच संग्राहकाने ती पुन्हा छापली, आणि जगाला धक्का बसला: युरोप-अमेरिकेत नंतर 'अॅसिड हाऊस' म्हणून गाजलेला आवाज मुंबईत आधीच उमटला होता. म्हातारपणी चरणजित सिंग परदेशात कार्यक्रम करून आले. त्यांचं नशीब एवढं चांगलं, की ते जिवंत असताना कुणीतरी शोधत आलं.

दुसरं नाव इलैयाराजा. तमिळनाडूतल्या पन्नैपुरम गावच्या दलित कुटुंबात जन्मलेला हा संगीतकार. थोरला भाऊ कम्युनिस्ट पक्षाच्या सभांत गाणी म्हणत गावोगाव फिरायचा, आणि त्याच फिरतीत धाकट्याने संगीत शिकलं. ऐंशीच्या दशकात त्यांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन जी सिनेमाची गाणी केली, ती आज युरोपातल्या कंपन्या वेगळी निवडून रेकॉर्डवर काढतात. डिस्को आपल्याकडे आलं ते नुसतं नक्कल म्हणून आलं नाही, आपल्या माणसांनी त्यात भर घातली.

डफडं सोडलं, माईक धरला

आता आपल्या स्वतःच्या आवाजाकडे येऊ. जातिव्यवस्थेत वाजवणं हेसुद्धा वाटून दिलेलं काम होतं. कोणाच्या दारी, कोणत्या प्रसंगी, किती अंतरावर उभं राहून वाजवायचं हे ठरलेलं. वाजवणाऱ्याच्या हाताशिवाय मालकाचं लग्न लागत नव्हतं आणि त्या हाताचा विटाळही होत होता. आंबेडकरी चळवळीने मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तसं अनेक गावांत हे वाजवणंही सोडलं. त्यासाठी बहिष्कार सोसले.

पण गाणं सोडलं नाही. भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी तमाशाचा बाज घेऊन त्यातलं देवादिकांचं नमन काढलं आणि आंबेडकरी जलसा उभा केला. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून हजारो गाणी रचली. गावकीचं वाजंत्रीपण गेलं आणि त्या जागी माईक, कर्णा, रेकॉर्ड आणि पुढे कॅसेट आली. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. यंत्राला जात माहीत नसते. भोंग्यातून आलेला आवाज पाटलाच्या वाड्यातही जातो आणि त्याला उंबऱ्यावर थांबवता येत नाही.

आपल्या जिल्ह्याचं नातं तर थेट आहे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी तेव्हाच्या चांद्यात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर लोक जमतात. ज्या पिढीने तिथं ऐंशी-नव्वदच्या दशकात पुस्तकासोबत कॅसेट विकत घेतली, तिच्यासाठी ती कॅसेटही ग्रंथच होती. अक्षर न येणारी आजी बुद्ध, फुले, बाबासाहेब गाण्यातून पाठ करत होती. जंगलपट्ट्यातल्या ज्या घरांत वर्तमानपत्र पोचत नव्हतं, तिथं सेलवर चालणारा टेप पोचला.

हे घडलं ते कॅसेटच्या स्वस्ताईमुळे. तोवर रेकॉर्डचा धंदा मुख्यतः एचएमव्हीच्या हातात होता. कोणाचा आवाज छापायचा ते कंपनी ठरवत होती. ऐंशीच्या दशकात टी-सीरिज, व्हीनस आणि असंख्य छोट्या कंपन्या आल्या, आणि थोड्या भांडवलात कुणालाही कॅसेट काढता येऊ लागली. शिंदे घराण्याकडे पाहा. प्रल्हाद शिंदे यांनी कव्वाली गायली, भीमगीतं गायली आणि विठ्ठलाची गाणीही गायली. पंढरीच्या वाटेवर आजही त्यांचाच आवाज लागतो, ज्या देवळात त्यांच्या पूर्वजांना प्रवेश नव्हता त्या देवळाबाहेर. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी कॅसेटच्या काळात लोकगीताला नाचाचा ठेका दिला आणि आनंद शिंदेंच्या पोपटाच्या गाण्याने महाराष्ट्र नाचवला. नातू आदर्श शिंदे आज सिनेमात गातात. हा तीन पिढ्यांचा इतिहास रेकॉर्ड, कॅसेट आणि डिजिटल अशा तीन टप्प्यांचाही इतिहास आहे.

या गाण्यांचा आवाज नीट ऐका. ढोलकी आणि बेंजोबरोबर कीबोर्ड आहे, आणि काडीने वाजवायचा ऑक्टोपॅड आहे. तो ऑक्टोपॅड बाजारात आणणारी रोलँड ही जपानी कंपनीच ब्रॉन्क्सच्या इलेक्ट्रोचं आणि चरणजित सिंगांच्या एलपीचं ८०८ हे ड्रम मशीन बनवत होती. ब्रॉन्क्सची वस्ती आणि आपली वस्ती एकमेकींना ओळखत नव्हत्या, पण दोघींनी एकाच कारखान्याचं यंत्र घेऊन आपापला ठेका धरला. बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉईस यांना पत्र लिहून दोन समाजांतलं साम्य मांडलं, १९७२ साली दलित पँथरने ब्लॅक पँथरचं नाव घेतलं. संगीतातही तीच वाट होती, फक्त तिच्यावर कुणी लेख लिहिला नाही.

"पण डीजे ही काय आपली संस्कृती आहे?"

हा प्रश्न बाहेरचे विचारतात आणि आपले ज्येष्ठही विचारतात. दोघांना एकच उत्तर देता येत नाही.

ज्येष्ठांचं म्हणणं आम्हाला बऱ्याच अंशी पटतं. छातीत धडधडणाऱ्या भिंतीएवढ्या स्पीकरमध्ये गाण्याचा शब्द ऐकू येत नसेल, तर ते भीमगीत राहत नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम सगळ्यांसाठी आहे. मोहर्लीसारख्या गावी तर जंगल दारात आहे, तिथं शांतता राखलीच पाहिजे. जयंतीची वर्गणी स्पीकरच्या भाड्यात जाते आणि अभ्यासिकेला पैसे उरत नाहीत, ही टीकाही खरी आहे.

पण बाहेरच्यांचा प्रश्न वेगळा असतो. वर्षभराच्या सणावारांचे आवाज ज्यांना परंपरा वाटतात, त्यांना १४ एप्रिलचाच आवाज गोंगाट वाटतो. २०१५ साली शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, वादाला निमित्त होतं मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनचं. रिंगटोनचा असा किती डेसिबल आवाज असतो? तेव्हा आवाज किती आहे हा एक प्रश्न, आणि आवाज कोणाचा आहे हा दुसरा. पहिल्यावर आपण आपल्या वस्तीत बोलू. दुसऱ्यावर गप्प बसायचं कारण नाही.

मग करायचं काय?

तक्रार पुरे. काम सांगतो.

एक, विचारा. प्रत्येक वस्तीत एखाद्या घरी पेटी, पोतं, माळ्यावरचा डबा आहे. भंगारवाल्याच्या आधी तिथं पोचा. कंपनीच्या छापील कॅसेटीपेक्षाही घरी भरलेल्या टेप जास्त मोलाच्या, कारण त्यांची दुसरी प्रत नसते. गावातला कव्वालीचा सामना, जयंतीचं भाषण, एखाद्या मावशीचं पाळण्याचं गाणं त्यातच असतं.

दोन, नोंद करा. गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी, क्रमांक, साल, कुठून मिळाली, कोणाची होती. डिस्कोच्या संग्राहकांकडून शिकण्यासारखी हीच गोष्ट आहे. भीमगीतांत गीतकाराचं नाव सगळ्यात आधी हरवतं. वामनदादांची गाणी लोक नाव न घेता म्हणतात. नाव झाकणारा तो कागद आपणच चिकटवू नये.

तीन, जपा. रेकॉर्ड आडव्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. लाखेच्या जुन्या ७८ च्या तबकड्या काचेसारख्या फुटतात. आपल्याकडचा उन्हाळा तबकडी वाकवतो आणि पावसाळा टेपवर बुरशी आणतो, म्हणून पत्र्याखालचा माळा टाळा. बुरशी आलेली टेप चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना आधी पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये ठेवा, एमपीथ्री नंतर करा. आणि डिजिटल केली म्हणून मूळ कॅसेट फेकू नका.

चार, हक्क समजून घ्या. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो आणि गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. जतनासाठी प्रत करणं आणि ती चॅनेलवर टाकून पैसे मिळवणं यात फरक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क बळकट केला. आपल्या शाहिरांच्या वारसांना हे कुणी सांगितलेलं नाही. ते सांगणं हेही चळवळीचं काम आहे.

पाच, ऐका आणि ऐकवा. विहारात महिन्यातून एक संध्याकाळ जुनी टेप लावा, ज्येष्ठांना बोलवा आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या.

बाबासाहेबांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो, कारण १९५५ सालची बीबीसीची मुलाखत कुणीतरी टेपवर जपली. ते जपणारे आपण नव्हतो. २००४ साली वामनदादा गेले, त्याच साली प्रल्हाद शिंदे गेले. २०१० साली विठ्ठल उमप नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले. विलास घोगरेंनी तर १९९७ च्या रमाबाईनगर गोळीबारानंतर जीवच दिला. यांचं छापून आलेलं सगळं एका जागी, नावानिशी, ऐकायला मिळेल अशी एक तरी खोली आपल्या प्रत्येक जिल्ह्यात असायला काय हरकत आहे?

मोहर्लीहून निघताना मावशींनी एक कॅसेट हातात ठेवली. भंगारात जाताना ती फळीमागे राहून गेली होती. वेष्टन नाही, लेबल पुसलेलं. आम्ही ती चंद्रपूरला आणून ऐकली. सुरुवातीला खरखर, मग हार्मोनियम, मग एका पुरुषाचा भरदार आवाज आणि मागे माणसांच्या टाळ्या. कोण गातो ते आम्हाला ओळखता आलं नाही. नोंदवहीत पहिल्या पानावर आम्ही क्रमांक एक घातला, मावशींच्या यजमानांचं नाव लिहिलं, आणि गायकाच्या रकान्यासमोर जागा मोकळी ठेवली. पुढच्या आठवड्यात ती टेप घेऊन आम्ही मोहर्लीच्या म्हाताऱ्या माणसांकडे जाणार आहोत.

जयभीम!